लहान मुलांच्या बुटांवरचा कर

एक्याऐंशीच्या जूनमध्ये आमच्या घरमालकीणबाईंचा धाकटा भाऊ आयर्लंडच्या संसदेत निवडून गेला. तेव्हा आम्ही त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. माझे यजमान अमेरिकेत पार्सिपनीतल्या एका कंपनीत इंजिनिअर होते. तिथली अपार्टमेंट्स आम्हाला महाग वाटली, म्हणून कुणाच्या तरी ओळखीने शेजारच्या गावातलं हे जुनं लाकडी घर मिळालं होतं. खाली बाई एकट्या राहायच्या, वर आम्ही दोघं आणि आमची दोन-तीन महिन्यांची मुलगी.

बाईंनी सत्तरी ओलांडली होती. बुटक्या, अंगाने बारीक, पण आवाज खणखणीत. सतराव्या वर्षी बोटीत बसून अमेरिकेत आल्या, मोठ्या लोकांच्या घरी स्वयंपाक-धुणी केली, लग्न केलं, नवरा गेला, मूलबाळ झालं नाही. आता त्यांच्या डोळ्यांत काहीतरी दोष झाला होता. नजरेच्या मधोमध काळा डाग दिसतो, म्हणायच्या. चालता-फिरता यायचं, भांडी-कप बरोबर हाती लागायचे, पण वाचायला बसलं की अक्षर नाहीसं व्हायचं.

आणि वाचायचं तर त्यांना वेड. त्यांच्या मूळ गावाकडचं एक साप्ताहिक गुंडाळी होऊन पोस्टाने यायचं, आठ-दहा दिवस शिळं. एकदा जिन्याशी मला थांबवून त्यांनी विचारलं, "पोरी, तुला इंग्रजी वाचता येतं ना नीट?"

मी नागपूरहून राज्यशास्त्रात एम.ए. केलं होतं. इथे माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नवरा सकाळी ड्राइव्ह करून निघून गेला की मी आणि बाळ, एवढंच जग. मी म्हटलं, "येतं. वाचून दाखवू?"

तेव्हापासून रोज दुपारी मुलीला घेऊन मी खाली जायला लागले. बाई चहा करायच्या, काळा कुळकुळीत, वर दूध ओतलेला. मी वाचायची. गुरांचे बाजारभाव, कोण वारलं, कुणाच्या पुलाचं काम अडलं, आणि मग राजकारण. माझे उच्चार ऐकून त्या हसायच्या, गावांची नावं दुरुस्त करायच्या. महिन्याभरात मला तिथले पक्ष, मतदारसंघ, कोण कुणाचा मेहुणा हे सगळं पाठ झालं.

त्यांचा भाऊ शाळामास्तर होता. भावंडांत सगळ्यात धाकटा. बाई देश सोडून निघाल्या तेव्हा तो तीन वर्षांचा. पुढे तो कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्या लहान पक्षात गेला, दोनदा पडला आणि त्या जूनमध्ये थोडक्या मतांनी निवडून आला. त्याच्या छोट्या पक्षाने एका मोठ्या पक्षाशी हात मिळवला आणि दोघांचं मिळून सरकार आलं. तरी बहुमत भरत नव्हतंच. दोन-चार अपक्ष हात वर करतील तोवर सरकार, असा मामला.

बाईंनी त्या दिवशी मनुकांचा केक केला. मला म्हणाल्या, "त्याच्याआधी आमच्या घरात कुणी चौथीच्या पुढे शिकलं नव्हतं. आता आमचा माणूस सरकारात आहे."

"सरकार टिकेल का पण?" माझ्या तोंडून गेलं. आमच्याकडेही थोड्याच वर्षांपूर्वी चार पक्षांची मोट बांधून दिल्लीत सरकार आलं होतं. माझ्या वडिलांनी त्या निकालाच्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते. अडीच वर्षांत ते सरकार आपसात भांडून कोसळलं, तेव्हा ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते.

बाईंना माझा प्रश्न आवडला नाही. "टिकेल," म्हणाल्या. "माझा भाऊ आहे तिथे."

दर रविवारी चर्चहून आल्यावर त्यांचा फोन वाजायचा. भाऊ तिकडून बोलायचा. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता आणि बाईंना मोठ्याने बोलायची सवय, त्यामुळे अर्धं संभाषण आम्हाला वर ऐकू यायचं. उन्हाळ्यात त्यांच्या चर्चमध्ये सगळे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या, ब्रिटिशांच्या तुरुंगात उपोषण करून मरणाऱ्या तरुणांबद्दल बोलत होते, निधी गोळा करत होते. बाई त्यातही जायच्या, पण त्यांचा जीव दक्षिणेत, त्या डळमळत्या सरकारात अडकलेला. पानगळ सुरू झाली तसा त्यांचा सूर बदलला. तिजोरीत खडखडाट आहे, कपात करावी लागणार, असं भाऊ सांगायचा. फोन ठेवल्यावर बाई ओट्यापाशी नुसत्या उभ्या राहायच्या.

"काय म्हणाले?" मी विचारायची.

"दमलाय," एवढंच म्हणायच्या.

त्याच दिवसांत माझंही मन ठिकाणावर नव्हतं. पार्सिपनीच्या आसपासची मराठी कुटुंबं एका शाळेच्या हॉलमध्ये जमायची. दिवाळीच्या कार्यक्रमाला आम्ही पहिल्यांदा गेलो. कितीतरी महिन्यांनी कानावर मराठी पडत होतं, मला रडू यायचं बाकी होतं. चकल्या होत्या, पेटी-तबला होता. एक काकू माझ्या मुलीला कडेवर घेऊन खेळवत होत्या. त्यांनी विचारलं, आडनाव काय, मी सांगितलं. मूळ गाव कुठलं, तेही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आणि तुमच्याकडे कुलदैवत कुठलं गं?"

मी म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत, काकू."

त्या काही वाईट बोलल्या नाहीत. "हो का? छान छान," म्हणाल्या. मुलीला माझ्याकडे दिलं आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं करून निघून गेल्या. कुणी हाक मारली नव्हती. नंतर जेवताना आमच्या टेबलावर दोन खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. त्या काकूंनी हे कळायच्या आधी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यायचं आग्रहाने सांगितलं होतं. संक्रांतीच्या दोन दिवस आधी फोन आला की कॅन्सल केलं, बर्फ फार आहे. ते हळदीकुंकू झालं, हे मला पुढे दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला सांगायची काय गरज होती? नागपूर म्हणायचं आणि गप्प बसायचं."

"त्यांनी विचारलं."

"विचारू देत. ऑफिसात दोन मराठी लोक आहेत माझ्या. एक माझ्या वर आहे. मी इथे नवा माणूस आहे, यार. इथे कुणाला काही माहीत नाही, हेच तर बरं आहे."

ते वाईट नव्हते. इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये त्यांच्या ताटाशेजारी कुणी बसत नसे, हे त्यांनी मला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं आणि पुन्हा कधी काढलं नाही. निळ्या कोटातला तो फोटो आम्ही नागपूरहून आणला होता, तो त्यांनी बेडरूमच्या कपाटात आतल्या बाजूला लावला होता. कपाट उघडलं की दिसायचा.

जानेवारी संपत आला होता. त्या वर्षी थंडी अशी की खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ धरायचा. बुधवार होता. मी नेहमीपेक्षा लवकरच खाली गेले, कारण त्या दिवशी तिकडे अर्थसंकल्प मांडला जाणार होता आणि बाई सकाळपासून अस्वस्थ होत्या. जेवणाची वेळ झाली आणि फोन वाजला. बुधवारी कधी वाजायचा नाही. बाईंनी हातातलं बटाट्याचं भांडं तसंच सिंकमध्ये सोडलं.

भाऊच होता. संसदेतूनच बोलत होता. तिकडे संध्याकाळ झाली होती, भाषण होऊन गेलं होतं आणि थोड्या वेळात मतदान व्हायचं होतं. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"कपड्यांवर? आणि बुटांवर?... मुलांच्याही?"

मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. माझी मुलगी टेबलाचा पाय धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. नुकतीच चालायला शिकत होती.

"म्हणजे काय, वगळता येत नाही? लहान पायाच्या बायका मुलांचे बूट घेऊन कर चुकवतील? हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" बाई एकदम हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "अरे, मीच घेते ना मुलांचे बूट! माझ्या पायात आत्ता आहेत ते दहा वर्षांच्या पोराचे आहेत. मी एक चोर सापडले तुम्हाला. आणि त्याच्यासाठी सगळ्या देशातल्या पोरांच्या पायावर कर?"

पलीकडून काहीतरी समजावणं चाललं होतं.

"तू हात वर करू नकोस," बाई म्हणाल्या. "ऐकतोयस? तू यांच्याबरोबर मत देऊ नकोस."

पुन्हा ऐकलं.

"पडलं तर पडू दे. तुझे पाय कसे होते आठवतं का तुला? तुला पहिले बूट कुणी पाठवले?"

फोन त्यांनी ठेवला की त्याने, मला कळलं नाही. बाई खुर्चीत बसल्या. मग त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या गावात मुलं एप्रिल-मेपासून थंडी पडेपर्यंत अनवाणी शाळेत जायची, आणि ज्यांच्याकडे नव्हतेच ती थंडीतही. हिवाळ्यात पाय फुटून रक्त यायचं. घरात बाईंच्या वाट्याला बूट होते ते आईचे जुने. या धाकट्याला त्या पाठीवर घेऊन चर्चला न्यायच्या, त्याचा पाय गारठलेल्या जमिनीला लागू नये म्हणून. अमेरिकेत पहिला पगार झाला तेव्हा त्यांनी दुकानात जाऊन पहिली गोष्ट घेतली ती त्याच्यासाठी बूट. तपकिरी, पितळी खिळ्यांचे. माप माहीत नव्हतं म्हणून मोठेच घेतले, वाढेल तसे होतील. आईने उलट कळवलं, पोरगा ते काढायलाच तयार नाही, झोपतोसुद्धा घालून.

"तो त्यांच्याबरोबर मत द्यायचा नाही," बाई म्हणाल्या. "मी ओळखते त्याला."

दुपारी मुलगी निजली म्हणून मी तिला खालच्याच कोचावर ठेवलं. उन्हं कलायला लागली तेव्हा फोन पुन्हा वाजला. बाई उठल्या नाहीत, मला खूण केली. मी घेतला. भावाचा आवाज मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून ऐकला. अगदी हळू बोलत होता.

"सरकार पडलं," तो म्हणाला. "एका मताने. एक-दोन अपक्ष फिरले. तिला सांगा."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "आणि तुम्ही?"

"मी सरकारच्या बाजूने मत दिलं."

मी बाईंकडे वळले. त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरचे रविवार वाईट गेले. फोन वाजायचा आणि बाई म्हणायच्या, "सांग, झोपलेय." मी सांगायची. त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तो कधी आग्रह करायचा नाही. "डोळे कसे आहेत तिचे?" असं विचारायचा आणि ठेवायचा. तिकडे नव्या निवडणुकीचा प्रचार चालला होता. तो दारोदार फिरत होता आणि बायका आतून पोराचा बूट आणून त्याच्या तोंडासमोर धरत होत्या, असं त्यानेच मला एकदा सांगितलं. बोलायला दुसरं कुणी नसावं. फेब्रुवारीत निवडणूक झाली, दोन पक्षांची ती युती सत्तेवरून गेली आणि तोही पडला.

ते साप्ताहिक पुढच्या आठवड्यात आलं. बाईंनी निकालाचं पान वाचायला सांगितलं. मी आकडे वाचले, त्यांच्या भावाचे वाचले. बाई चहा ढवळत राहिल्या. "सात महिने," म्हणाल्या. "सात महिने सरकारात होता माझा भाऊ." पुढचं वाच म्हणून बोटाने खूण केली.

एप्रिलमध्ये भावाने मला फोनवर सांगितलं की तो येतोय. शाळेतली जागा त्याने निवडणुकीसाठी सोडली होती, ती अजून परत मिळाली नव्हती. रिकामा होता. मी बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "येऊ दे. खोली आहे." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तेव्हा त्या खोलीतले पडदे धुऊन वाळत घातलेले होते.

विमानतळावर आणायला माझे यजमान गेले. पावसात ट्रॅफिक लागला, दोघं दोन तास गाडीत होते. यजमान परत आल्यावर म्हणाले, "साधा माणूस आहे. सगळ्या वाटेत मला विचारत होता, पूल कसे बांधतात." हे ते जरा आनंदाने म्हणाले. इथे त्यांना त्यांच्या कामाबद्दल सहसा कुणी विचारत नसे.

भाऊ सत्तावन्न-अठ्ठावन्नचा असेल. बहिणीसारखाच बुटका, डोक्यावर विरळ तांबूस केस. कोटाच्या कोपरांवर चामड्याची ठिगळं. आल्या आल्या त्याने बहिणीच्या गालाला गाल लावला, तिने लावू दिला. मग चार दिवस त्या घरात जेवणाच्या ताटांचा तेवढा आवाज येत होता. बाई त्याला वाढायच्या, त्याचा शर्ट इस्त्री करायच्या, पण बोलायचं असलं की माझ्या तोंडून. "त्याला विचार, अजून बटाटे हवेत का." तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "सांगा, नकोत." मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

शनिवारी दुपारी मी खाली होते. मुलगी खोलीभर लुटुलुटु चालत होती. बाईंनी तिच्या पायांकडे तोंड केलं, त्यांना आकार तेवढा दिसत असावा, आणि मला म्हणाल्या, "याला विचार, याला पहिले बूट कुणी पाठवले."

भाऊ खिडकीशी बसला होता. या वेळी तो माझ्याकडे न बघता सरळ तिच्याशी बोलला.

"तू पाठवलेस. आणि मी ते घातले नाहीत."

"आई म्हणाली तू झोपायचास घालून."

"आईने तुला बरं वाटावं म्हणून कळवलं. मी पहिल्या दिवशी घालून शाळेत गेलो. वर्गात बूट असलेला मी एकटाच. पोरांनी मला चिखलात पाडलं. अमेरिकेचा साहेब म्हणाली. ज्याने पाडलं तो माझ्या शेजारी बसायचा, त्याचे पाय बघवत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी घरून बूट घालून निघायचो, शेताच्या दगडी बांधात ते लपवायचो, अनवाणी जायचो आणि येताना पुन्हा घालायचो. एके दिवशी ते तिथे नव्हते. कुणीतरी नेले. आईने मारलं मला. पण मला बरं वाटलं होतं, सुटल्यासारखं."

बाईंनी मुलीकडे वळवलेलं तोंड आता त्याच्याकडे केलं.

"तू फोनवर मला विचारलंस ना, पाय आठवतात का. मला तेच आठवत होतं," भाऊ म्हणाला. "त्या शेजारच्या पोराचे. एका घरातून एका पोराला बूट पाठवून ते होत नाही. सरकार लागतं. आणि आमचं सरकार दोघांचं होतं. दोघांच्या सरकारात प्रत्येकाला काहीतरी गिळावं लागतं. मोठ्या पक्षाने आमच्या काही गोष्टी गिळल्या होत्या, गरीब घरातल्या पोरांसाठी आणखी काही करून घ्यायचं होतं. आम्ही बूट गिळले."

"पोरांचे बूट," बाई म्हणाल्या.

"हो. पोरांचे बूट."

"आणि सरकार पडलंच."

"पडलंच."

बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र चालू होतं. मला काय झालं माहीत नाही. ते चाललं होतं त्यांचं दोघांचं, माझा काही संबंध नव्हता. पण मी बोलायला लागले.

मी म्हटलं, माझे वडील विदर्भातल्या एका खेड्यात वाढले. त्यांना चपला होत्या, आजोबांनीच शिवलेल्या. पण गावात पाटलांच्या वाड्यावरून जाताना त्या काढून हातात घ्याव्या लागायच्या. आजोबांनाही आणि त्यांनाही. वाडा मागे पडला की पुन्हा पायात घालायच्या. एकदा वडिलांनी काढल्या नाहीत. आठ-नऊ वर्षांचे असतील. आजोबांना वाड्यावर बोलावलं, आणि त्यांच्या हाताने त्यांच्या मुलाला तिथेच मारायला लावलं. पुढे आमचे लोक नागपूरला आले, वडील गिरणीत लागले, आम्ही धर्म बदलला. पण घरातल्या आम्हा सगळ्यांच्या चपला-बूट ते स्वतः पुसायचे. मी इकडे निघाले त्या दिवशीसुद्धा स्टेशनवर त्यांनी वाकून माझ्या बुटावरची धूळ आपल्या रुमालाने झटकली. सगळ्यांसमोर. मला लाज वाटली होती.

भाऊ पुढे वाकून ऐकत होता. "हातात घेऊन?" त्याने विचारलं. "म्हणजे बूट असायचे, आणि तरी हातात?"

"हो."

"कायदा होता?"

"नाही. कायद्याची गरज नव्हती."

बाईंनी टेबलावर चाचपडत माझा हात शोधला. "त्या वाड्यात राहणारे लोक आता कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. राग आल्यावर त्यांचा आवाज असा खाली जायचा. "इथे आहेत का कुणी?"

मला हळदीकुंकवाच्या काकू आठवल्या. त्या कुठल्या वाड्यातल्या नव्हत्या, पुण्याच्या एका चाळीत वाढलेल्या होत्या. तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. यजमान उभे होते. मुलीची दुधाची बाटली द्यायला आले होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. त्यांनी बाटली ओट्यावर ठेवली आणि जिना चढून गेले.

वर गेल्यावर ते म्हणाले, "परक्या लोकांना हे सगळं कशाला सांगितलंस?"

"परके कुठे आहेत ते?"

"गोऱ्या लोकांच्या स्वयंपाकघरात बसून आपल्या बापाच्या चपला काढायच्या. त्यांनी कीव करावी म्हणून?"

"कीव नाही केली त्यांनी."

"तुला कळत नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाठ करून, "माझ्या आजोबांनाही काढाव्या लागायच्या. आमच्याकडे वाड्यावरून नाही, देवळावरून."

हे मला माहीत नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती. मी काही बोलणार तर त्यांनी हाताने थांबवलं आणि ते गाडी धुवायला खाली गेले. पाऊस पडून गेला होता, गाडी स्वच्छच होती.

भाऊ आणखी दोन आठवडे राहिला. बहीण-भाऊ बोलायला लागले, पण समेट झाला असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी त्याच विषयावर यायचे. बाई म्हणायच्या, "मला बुटांचं तेव्हाच सांगितलं असतंस तर दुसरं काही पाठवलं असतं." तो म्हणायचा, "तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस." आणि मग बाई, "तरीही तू हात वर करायला नको होतास," आणि तो, "उद्या पुन्हा वेळ आली तर तेच करीन." यावर त्यांचं कधी जमलं नाही. निघायच्या दिवशी बाईंनी त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, "तू मूर्ख आहेस." तो म्हणाला, "हो." यजमानच पुन्हा विमानतळावर सोडायला गेले.

त्याच वर्षाच्या शेवटी तेच दोन पक्ष पुन्हा निवडून आले, पुन्हा युती झाली, आणि या खेपेला पुरेशा मतांची. मी बातमी वाचून दाखवली तेव्हा मला वाटलं बाईंना आनंद होईल. त्यांनी विचारलं, "तो उभा होता का?" नव्हता. पक्षाने दुसऱ्याला तिकीट दिलं होतं. तो परत शाळेत शिकवायला लागला होता. "मग पुढचं पान," बाई म्हणाल्या.

बाई चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात गेल्या. झोपेतच. भाऊ आला, सगळं त्याने केलं. चर्चमध्ये तो चार वाक्यं बोलायला उभा राहिला आणि पहिल्याच वाक्याला थांबला, मग खाली बसला. घर विकलं गेलं आणि आम्ही पार्सिपनीत अपार्टमेंट घेतलं. मुलगी बालवाडीत जायला लागली, माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली. यजमानांना बढती मिळाली. ऑफिसातल्या त्या मराठी साहेबांना त्यांनी काही सांगितलं नाही, ना त्या वर्षी, ना त्यानंतर कितीतरी वर्षं. यावरून आमची भांडणं व्हायची, आणि मला त्यांचं भय कळायचं म्हणून ती अर्ध्यावरच सोडायची.

शहाऐंशीत कुणीतरी मला फोन केला. आपल्यासारखी तीन कुटुंबं आणखी आहेत, एक डॉक्टर आहेत, दोन विद्यार्थी आहेत, बुद्ध पौर्णिमेला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचं आहे, याल का. मी हो म्हटलं. यजमान म्हणाले, "तू जा. मी गाडीने सोडतो, नंतर न्यायला येतो."

सोडायला आले ते खाली उतरले. बेसमेंटमध्ये पाण्याच्या हीटरचा घरघर आवाज होता, सतरंज्या अंथरल्या होत्या, डॉक्टरांची आई वंदना म्हणत होती. यजमान दाराजवळच्या खुर्चीत टेकले. कुणीतरी कोट घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाले, "नको, मी निघतोच आहे." वंदना संपली, जेवणं झाली, लोक भांडी आवरायला लागले. ते अजून तिथेच बसून होते, अंगात कोट, हातात गाडीची किल्ली, आणि शेजारचा विद्यार्थी त्यांना कुठल्या होस्टेलला होतात, असं विचारत होता.